फक्कीची रेघ

यंदा होळीच्या आधीच तलाव तळाला गेला. मागच्या आठवड्यात गावच्या सरपंचाचा फोन आला. "सायेब, त्या दुष्काळात तळ्यात झिरा लागलता बघा, तात्याचा झिरा. आता गाळानं समदं सारखंच दिसतंय. नेमका कुठं व्हता? तुमाला ठाऊक आसंल. जरा येऊन दावता का?" मी मीटिंग असल्याचं सांगितलं. मीटिंग वगैरे काही नव्हती. ऊस नाही म्हणून कारखाना बंद आहे आणि शेतकी विभागात आम्ही चार माणसं पंख्याखाली बसून दुपार ढकलतो. झिरा कुठं होता हे माझ्याइतकं नेमकं गावात कुणालाच ठाऊक नाही, आणि म्हणूनच मला जायचं नव्हतं.

तलाव आटायला लागला की आधी वास सुटतो. गाळाचा, मेलेल्या माशांचा, कुजलेल्या पाणगवताचा. बगळे आठ दिवस चंगळ करतात आणि निघून जातात. मग वासही वाळतो. तळाची काळी माती तडकते आणि तिच्या खपल्यांच्या कडा उन्हानं वर वळतात, गच्चीवर पापड वाळत घातल्यासारख्या. धरणाच्या वेळी जे जे बुडालं होतं ते एकेक वर येतं. बांध, विहिरीचं कडं, महादेवाच्या देवळाची शेंडी. म्हातारी माणसं काठी टेकत आपापली बुडालेली शेतं बघायला खाली उतरतात. चाळीस वर्षं पाण्याखाली असलेल्या बांधावरून दोन सख्खे भाऊ कचाकचा भांडताना मी पाहिलेत. एक चांगला पाऊस झाला की तो बांध पुन्हा बुडणार, हे दोघांनाही माहीत होतं. तरी भांडले.

आणि मग झिरे सुरू होतात. आटलेल्या तळात कंबरभर खड्डा उकरायचा आणि वाट बघायची. पाणी पाझरतं, वाटी-वाटीनं साठतं, आणि बायका वाटीनंच ते घागरीत भरतात. एका घागरीला अर्धी सकाळ जाते. नंबर लावायला कुणी दगड ठेवतं, कुणी फुटकी चप्पल.

आठ वर्षांपूर्वीचा तो उन्हाळा मला आधी आठवतो तो त्याच्या शांततेमुळे. कारखान्याचा भोंगा बंद होता. आमच्याकडची माणसं भोंग्यावर उठतात, भोंग्यावर जेवतात. तो थांबला तेव्हा दिवसाचे तुकडे पडेनासे झाले आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकच लांबलचक दुपार उरली. चिमणीतून धूर नाही, मळीचा आंबूस वास नाही, रस्त्यावर उसाच्या बैलगाड्या नाहीत. माळावर चारा छावणी पडलेली. तिथल्या शेणाचा आणि उसाच्या वाळल्या वाढ्यांचा वास वाऱ्याबरोबर गावात यायचा आणि भाकरीतसुद्धा लागायचा. टँकरच्या पाण्याला डिझेलची चव होती. आम्ही ते पीत होतो आणि तक्रार करण्याइतकीही ताकद कुणात नव्हती.

दुष्काळात माणसं एकमेकांना धरून राहतात असं भाषणांत सांगतात. भाषण करणाऱ्यांच्या घरी पाणी असतं. मी जे पाहिलं ते असं, की काम गेलं, पाणी गेलं, आणि गावाला हसण्याचं व्यसन लागलं. एकानं पाणाड्या आणून तळहातावर नारळ फिरवून बोअर घेतलं. पाण्याऐवजी पांढरा फुफाटा उडाला आणि मालकाच्या तोंडावर बसला. गावानं त्याचं नाव ठेवलं पावडर. त्याच्या बायकोला लोक पावडरीण म्हणायचे, तिच्या तोंडावर. टँकरच्या पाइपवरून पडून एका म्हातारीचा दात पडला तर रांगेतली सगळी माणसं पोट धरून हसली, आणि त्यात मी होतो. मी बाजूला उभा राहून हे बघत होतो, असं कुणाला वाटायला नको.

तात्या आणि मी तेव्हा एकाच गट ऑफिसात फिल्डमन होतो. फिल्डमन म्हणजे कारखान्याचा शेतातला माणूस. कुणाचा ऊस किती, कधीची लागण, कधी तोडायचा, हे बांधावर जाऊन बघायचं आणि नोंदवायचं. तात्यांची सव्वीस वर्षं झाली होती, माझी पाच, तीही हंगामी. काम मला त्यांनीच शिकवलं. उसाला नखानं टिचकी मारून ते साखर भरली की नाही सांगायचे, आणि प्रयोगशाळेचा आकडा मागाहून त्यांच्या मागं यायचा. उंचीनं जेमतेम पाच फूट. उसात शिरले की दिसेनासे व्हायचे, नुसतं पाचट हललेलं दिसायचं. बूड टेकवायला एक जुनी मोपेड, हँडलला डब्याची पिशवी. डब्यात त्यांच्या बायकोनं, आमच्या काकूंनी, माझ्यासाठी भाकरी जास्तीची घातलेली असायची. पाच वर्षं मी ती खाल्ली.

त्या वर्षी दोघांपैकी एकच राहणार, हे शिमग्यालाच कळलं. आता सहकाराची एक रीत आहे, ती बाहेरच्याला कळायची नाही. सहकारात कुणी कुणाला काढत नाही. काढलं की भावकी दुखावते, भावकी दुखावली की सोसायटीतली मतं जातात. म्हणून काढायचं काम परिस्थितीवर सोपवायचं असतं आणि परिस्थिती नसली तर ती तयार करायची असते. तात्यांच्या भावकीची मतं होती. माझ्यामागं कुणी नव्हतं. पण तात्या म्हातारे होत चालले होते, पगार मोठा होता, आणि चेअरमनसाहेबांना तरणी माणसं हवी होती. पेच असा होता आणि तो सोडवायला जावईबापू आले.

दुष्काळात तेरावा महिना म्हणतात, आमच्याकडे जावई आला. चेअरमनसाहेबांच्या या जावयानं बीडला मोटारसायकलची एजन्सी टाकली होती आणि एक नवीनच निघालेली गाडी आणली होती. रस्ता नसेल तिथं चालणारी, ऑफरोड एन्ड्युरो. उंच, किडकिडीत, पुढचं मडगार्ड चाकापासून हातभर वर, टायरला नांगराच्या फाळाएवढे दात, आणि सीट माझ्या कमरेच्या वर. गावानं ती पाहिली आणि पाच मिनिटांत तिला नाकतोडा म्हणायला सुरुवात केली. जावईबापूंचं म्हणणं होतं की कारखान्यानं शेतकी विभागासाठी हीच गाडी घ्यावी. जावयाला नाही म्हणायची आपल्यात पद्धत नाही.

चेअरमनसाहेबांनी आम्हा दोघांना बोलावून घेतलं. खुर्चीवर मांडी घालून बसले होते. "तात्या, यंदा ऊस ऱ्हायलाय त्यो फकस्त डोंगराच्या कपारीला. तिथं तुमची मोपेड जायची न्हाई. तवा आसं ठरलंय, ही गाडी ज्याला जमंल त्येच्याकडं गट. तळं कोरडंच हाय. तिथंच ट्रायल घिऊ, सगळ्यांच्या म्होरं. म्हंजे कुनी म्हनायला नको की आन्याव झाला."

तात्या म्हणाले, "सायेब, मला गेरची गाडी येत न्हाई."

"मग शिका की. आठ दिस हायेत."

बाहेर आल्यावर तात्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्यासाठी त्यांना हात बराच वर करावा लागायचा. म्हणाले, "दत्ता, शिकवशील का रं मला?"

आणि मी शिकवलं. हे मला नीट सांगायचंय, कारण इथंच माणसाला वाटतं की मी भला होतो. रोज दुपारी डेअरीच्या मागच्या माळावर, एका पाहुण्याची साधी मोटारसायकल मागून आणून, बावन्न वर्षांच्या माणसाला मी क्लच शिकवला. ऊन असं की टाकीला हात लागला तर भाजायचं. तात्या मुकाट्यानं पडायचे, उठायचे, धोतराचा सोगा खोचायचे. चौथ्या दिवसापासून ते पॅन्ट घालून आले, पुतण्याच्या लग्नात शिवलेली, पायघोळ दुमडून. पाचव्या दिवशी गाडी त्यांच्या हातात बसली. सव्वीस वर्षं बांधाबांधानं मोपेड हाकलेली, तोल रक्तातच होता. मला ते दिसलं आणि त्या दिवशी मी शिकवणी लवकर आटोपली.

कारण मलाही नोकरी हवी होती. केजकडची एक मुलगी बघून आलो होतो. पोरगी पसंत होती, पत्रिका जुळली होती, आणि तिच्या वडिलांनी चहा पिता पिता एकच प्रश्न विचारला होता, "कायम हायती का?" माझ्या मामानं खोटं सांगितलं, की होतीलच. आमच्या भागात हंगामी माणसाला मुलगी देत नाहीत आणि देऊही नये, असं मलाही वाटायचं. तात्यांना निवृत्तीला सहा वर्षं होती. त्यांचं जगून झालंय, माझं व्हायचंय, असा हिशोब मी मनात मांडला. सत्तावीस वर्षांच्या माणसाला बावन्न म्हणजे संपलेला माणूस वाटतो.

जावईबापूंच्या मेकॅनिकनं मला ती गाडी बीडला आधी दाखवली होती. त्यानं सांगितलेलं मी सगळं तात्यांना शिकवलं. फूटरेस्टवर उभं राहायचं, गुडघे सैल, नजर लांब. फक्त एक वाक्य मी गाळलं. "मऊ जमीन लागली की भिऊन हळू करायचं न्हाई, उलट गॅस द्यायचा, हळू केलं की गाडी बसली." तेवढं सांगायला विसरलो असं मी नंतर बरीच वर्षं स्वतःला सांगत असे. विसरलो नव्हतो.

ट्रायलच्या आदल्या दिवशी रस्ता आखायचं काम माझ्याकडं आलं. कारखान्यात रस साफ करायला चुना लागतो. गाळप नव्हतं म्हणून चुन्याच्या गोण्या गोदामात पडून होत्या. त्यातली एक घेऊन ऊन कलल्यावर मी तळ्यात उतरलो. धरणाच्या दगडी उतारावरून खाली, मग सरळ देवळाच्या शेंडीकडं, तिला वळसा घालून परत. चुन्याची फक्की मूठ-मूठ सोडत चाललो होतो. हाताच्या चिरांत चुना जाऊन चरचरत होतं. मध्यावर एके ठिकाणी पायाखाली आवाज बदलला. खपली तीच, तशीच तडकलेली, तशीच राखाडी, पण टाच आपटली तर ठक्क न वाजता ढब्ब वाजलं. मी हातातली काठी रोवली. वीतभर कडक गेली आणि मग सगळी काठी, माझ्या मुठीपर्यंत, लोण्यात गेल्यासारखी खाली गेली. बाहेर काढली तेव्हा ती काळ्या गाळानं माखली होती.

मी तिथं बराच वेळ उभा होतो. दहा पावलं डावीकडून रेघ नेता आली असती. कुणी काही म्हणालं नसतं. तळ्यात मी एकटा होतो आणि टिटवी ओरडत होती. मी मूठ भरली आणि रेघ सरळ ओढली. केसानं गळा कापणं म्हणतात ते मला पुस्तकात वाचून माहीत होतं. ते करताना हात थरथरतो असं वाटायचं. माझी रेघ अजिबात वाकडी आली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळा गाव धरणावर. कितीतरी महिन्यांत गावात बघण्यासारखं काही घडलं नव्हतं. छावणीतली माणसं जनावरं सोडून आली होती, एकानं चहाचा गाडा आणला होता, चेअरमनसाहेबांना आणि संचालकांना मंडपाखाली खुर्च्या होत्या. पलीकडच्या झिऱ्यावरच्या बायकाही आपापले दगड नंबरात ठेवून बघायला आल्या होत्या. त्यांत काकू होत्या. डोक्यावर रिकामी घागर, पदर दातात.

"तात्या, तुमी वडीलधारे. तुमी आधी," चेअरमनसाहेब म्हणाले.

मी पुढं झालो. "आधी मी जातो सायेब. तात्यांना अंदाज यील."

मंडपातून कुणीतरी म्हणालं, पोरगं गुणाचं आहे. तात्यांनी मान हलवली, कौतुकानं. मला ठाऊक होतं की आधी जाणाऱ्याच्या चाकाखाली खपली अख्खी असते. मागून येणाऱ्यासाठी ती फुटलेली असते.

आणि आता जे सांगतोय ते सांगायला सर्वांत जड जातं. ती गाडी चालवताना मला आनंद झाला. त्या अख्ख्या वर्षात झाला नव्हता इतका. नव्या रबराचा वास, खाली घसरत जाणारा तो उतार, आणि मग समोर मैलभर मोकळं, सपाट, मालक नसलेलं तळं. उभा राहिलो, गॅस दिला, आणि गाडी माझ्या खाली स्वतंत्रपणे उड्या मारायला लागली. खपल्या फटाफट फुटत होत्या. गरम वारा छातीत शिरत होता. मऊ जागा आली, मागचं चाक क्षणभर शेपटी हलवल्यासारखं हललं, काळे ओले गोळे पाठीवर आदळले आणि मी पार. देवळाला वळसा घालून परतताना मी ओरडत होतो असं लोक म्हणतात. मला आठवत नाही. परतीची रेघ वेगळी, कडक जमिनीवरून होती. तीही मीच आखलेली.

मग तात्या. सीट त्यांच्या छातीला आली. दोन्ही बाजूंनी दगड लावावे लागले. चढले तर पाय अधांतरी.

"तात्या, शिडी आनावं का?"

"आरं, काकूला म्हनावं कडेवर घ्या."

"हागवन लागली तर उतरनार कसा बे ह्यो?"

मंडपातसुद्धा हसत होते. जावईबापूंनी मोबाईल काढून धरला. तात्यांनी कुणाकडंच बघितलं नाही. त्यांनी गिअर टाकला, क्लच सोडला, आणि एक आचका न देता गाडी दगडी उतारावरून खाली नेली. माझ्यापेक्षा चांगली. खाली सपाटीला लागल्यावर ते फूटरेस्टवर उभे राहिले, गुडघे सैल, नजर लांब, सांगितलं होतं तसं. दुरून त्यांची उंची कळत नव्हती. हसणं हळूहळू थांबलं. कुणीतरी शिटी वाजवली. काकूंनी दातातला पदर सोडला. तेवढ्या दीडशे पावलांत तात्यांची नोकरी परत त्यांच्या हातात आली होती, हे धरणावरच्या प्रत्येकाला दिसत होतं, आणि मला सर्वांत आधी दिसलं.

मऊ जागेवर चाक हललं तसा त्यांनी वेग कमी केला. पुढचं चाक बसलं. खोडाला कुऱ्हाड अडकावी तसं. तात्यांनी पाय टेकायला खाली सोडला आणि पाय कशालाच लागला नाही. गाडी त्यांच्यावर सावकाश कलली, अगदी सावकाश, आणि ते तिच्याखाली गळ्यापर्यंत गाळात गेले.

मग एकजण ओरडला, "आरं, तात्याला पानी लागलं!"

ते जे हसू फुटलं ते मी कधीच ऐकलं नव्हतं. तीन वर्षं बोअर कोरडी जात होती, आणि भर दुष्काळात एक माणूस चिखलात बुडालेला. लोक गुडघ्यांवर हात मारत होते. चहावाला हसून हसून खाली बसला. मीही हसलो. तात्या ओरडत होते ते मदतीसाठी नव्हे, तापलेला सायलेन्सर त्यांच्या पोटरीला चिकटला होता म्हणून, हे कळायला आम्हाला वेळ लागला. पहिल्यांदा धावल्या त्या काकू. घागर टाकून. ती दगडावर आपटून फुटली.

आम्ही चौघांनी गाडी उचलली, तात्यांना ओढून काढलं. गुडघा भलत्याच बाजूला वळला होता. आणि ते बाहेर आले त्या खड्ड्यात, त्यांच्याच आकाराच्या, पाणी यायला लागलं. आधी गढूळ, मग निवळ. एका बाईनं ओंजळीत घेऊन चाखलं. म्हणाली, गोडं हाय. मग बायका धावल्या. तात्यांना जीपमध्ये घालेपर्यंत तिथं नंबराचे दगड लागले होते. नव्या नंबरात काकूंचा दगड नव्हता, त्या जीपमध्ये होत्या.

बीडपर्यंत तात्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याला ते माझा हात आवळायचे. चुन्यानं चिरलेला हात होता, दुखत होता. मी तो काढून घेतला नाही. एवढंच मी केलं.

दवाखान्यात आठ दिवसांनी चेअरमनसाहेब संचालकांना घेऊन आले, शाल आणि श्रीफळ घेऊन. सव्वीस वर्षांच्या सेवेबद्दल अभिनंदनाचा ठराव वाचून दाखवला. खाटेवर पडलेल्या माणसाच्या अंगावर मे महिन्यात शाल पांघरली. "तात्या, लई केलं तुमी कारखान्यासाटी. आता आराम करा." सुंठीवाचून खोकला गेला होता. भावकीनं टाळ्या वाजवल्या. त्याच ठरावाच्या खालच्या ओळीत माझं नाव होतं, कायम म्हणून.

तो झिरा मृग निघेपर्यंत आटला नाही. गावानं त्याला तात्याचा झिरा म्हटलं आणि तात्याच्या पाण्यावर अख्खा उन्हाळा काढला. जावईबापूंनी घेतलेलं चित्रीकरण मोबाईलमोबाईलवरून फिरत पार कोल्हापूरकडच्या उसाच्या फडांपर्यंत गेलं. कुणीतरी त्याला गाणं लावलं होतं. माझ्या लग्नात, केजला, वऱ्हाडातली माणसं ते बघून हसत होती आणि कुणालाच माहीत नव्हतं की चित्रातला माणूस तिथंच, मंडपाच्या खांबाला टेकून, पाय लांब करून जेवायला बसलाय. काकूंनी माझ्या बायकोची ओटी भरली. दिवाळीनंतर काकू भावजयीबरोबर कोयत्यावर गेल्या, ऊस तोडायला. ज्या बाईचा नवरा तोडीच्या चिठ्ठ्या लिहायचा ती बाई परक्या फिल्डमनच्या चिठ्ठीवर मोळ्या बांधू लागली. आता आठवा हंगाम. तात्या डेअरीवर बसून दुधाचे कॅन धुतात. त्या कामाला उभं राहावं लागत नाही.

या आठ वर्षांत मी त्यांच्याकडं सणावाराला जात आलो. माझ्याबद्दल गावात चांगलं बोलतात. दत्ता तात्याला विसरला नाही म्हणतात. हे ऐकताना मला वाटायचं, चला, फिटलं थोडं. असं थोडं थोडं फिटत नाही, पण माणूस तसं मानून चालतो आणि त्याला झोप लागते. मलाही लागायची.

सरपंचाला मी टाळलं म्हणून त्यानं तात्यांनाच विचारलं. तात्यांनाही वरून नेमकी जागा सांगता येईना. ते म्हणाले, दत्ताला बोलवा. मग मात्र मला जावं लागलं. रविवारी सकाळी तात्या दुधाच्या टेम्पोतून धरणापर्यंत आले आणि तिथून माझ्या खांद्यावर भार टाकून खाली उतरले. उतरायला खूप वेळ लागला. सरपंचाची माणसं टिकाव-फावडी घेऊन मागं थांबली होती. मी सरळ त्या जागेवर जाऊन उभा राहिलो. खोदणारे पुढं झाले, तर तात्या म्हणाले, थांबा रं, जरा बसू द्या. ते लोक विडी ओढायला देवळाच्या सावलीला गेले.

तात्या खाली बसले, दुखरा पाय दोन्ही हातांनी उचलून समोर ठेवला. मातीवर हात फिरवला.

"हितून आमचा वढा जायचा दत्ता. धरन व्हायच्या आदी. मी म्हशी धुयाचो हितं. वढ्याच्या पोटात कितीबी ऊन पडू दे, वरची खपली तेवडी वाळती, आत वलच ऱ्हाती. त्या दिशीबी मला ठाऊक व्हतं."

मला कळेना. "ठाऊक व्हतं? मग गाडी वळवली कावून न्हाई तुमी?"

"फक्की तू टाकलीती ना." ते हसले. "म्हन्लं, चालून बगितल्याबिगर ह्यो रेघ मारायचा न्हाई. आन् तू गेलतास की पार, माज्या डोळ्याम्होरं. म्हन्लं, गाळानं बुजला आसंल वढा. मग मी खाली बगितलंच न्हाई."

वारा सुटला होता. देवळाकडून त्या माणसांचं बोलणं तुटक ऐकू येत होतं. गप्प बसलो असतो तर तिथंच संपलं असतं. हाकेच्या अंतरावर माणसं होती, ती आली असती, खणायला लागली असती. पण त्या हसण्यानं माझ्या आत काहीतरी सुटलं, आणि इतकी वर्षं माझ्याच्यानं जे वाहून नेलं गेलं ते पुढं नेववेना. ते मला खाली ठेवायचं होतं. कुणापुढं ठेवतोय याचा विचार मी केला नाही.

"तात्या, मी चालून बगितलं व्हतं. काठी घालून बगितलं व्हतं. समदी काठी आत गेलती."

त्यांना कळायला थोडा वेळ लागला. चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं होतं, डोळ्यांतलं आधी गेलं. मग त्यांनी माझ्याकडं बघणं बंद केलं. काठी चाचपली. उठायला लागले. मी हात पुढं केला, तो त्यांनी घेतला नाही. दोनदा बसले, तिसऱ्यांदा उभे राहिले.

"कावून सांगितलं बे मला?" तात्या म्हणाले. पाच वर्षांच्या कामात आणि नंतरच्या आठ वर्षांत त्यांनी मला कधी बे म्हटलं नव्हतं. "इतकी वर्सं माजा नुस्ता पाय गेलता."